चुकलेल्या चार गोळ्या

तिसऱ्या जाळीपुढे रेवा थांबली आणि भिंतीवरच्या पडद्यावरचा आकडा तांबडा झाला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"तीन नंबर!" निरीक्षक खरमाटे खुर्चीतून उठलेच. "सापडला हरामखोर!"

हवालदार अंबादास पांढरमिसेनं पट्टा आखडून रेवाला मागं घेतलं. जाळ्यांमागं अंधारात पाच माणसं बसवलेली होती. कोण कुठं बसलंय हे कुत्रीला माहीत नसतं, तसंच तिला धरणाऱ्यालाही माहीत नसतं, नियमच तसा. शिपायानं तिसरी जाळी सरकवली तेव्हा अंबादासला आतला माणूस दिसला. बळवंत घोळवे, डेअरीचा टँकर ड्रायव्हर. अंबादासच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

"दाजी," बळवंत म्हणाला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "हे तुम्ही केलंत."

अकरा वर्षांत त्यानं अंबादासशी काढलेला हा पहिला शब्द.

खोटं कशाला सांगा, अंबादासला आतून गुदगुल्या झाल्या. अकरा वर्षांपूर्वी सासऱ्याच्या तेराव्याला तो ड्यूटीवरून थेट गेला होता, अंगावर खाकी आणि सोबत तेव्हाची कुत्री. याच बळवंतानं भर पंगतीत त्याच्या पुढ्यातलं पान उचललं होतं. "कुत्र्याची केसं अंगावर घेऊन जेवायला बसता? लाज नाही वाटत?" अंबादास उठला. तुझ्या घरचं पाणी पिईन तर बापाचं नाव लावणार नाही, असं ओरडून बाहेर पडला आणि त्या दिवसापासून कावेरीचं माहेर तुटलं. आता तोच बळवंत डेअरीच्या चेअरमनच्या खुनात अडकला, आणि अडकवला कुणी, तर कुत्रीनं. घे म्हणावं, मोज आता केसं.

आता त्या पडद्यावरच्या आकड्याची भानगड सांगायला हवी. हे साल दोन हजार एकोणचाळीस. त्याआधी पोलिसांचं कुत्रं वास काढायचं, भुंकायचं आणि कोर्टात वकील हसायचे. म्हणायचे, कुत्रं वासावर भुंकत नाही, हवालदाराच्या हातातल्या पट्ट्यावर भुंकतं. ते अगदीच खोटं होतं असंही नाही. मग हृदयपट्टा आला. ओळखीचा वास नाकात शिरला की कुत्र्याच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. हृदयाच्या पेशींवर बीटा ग्राही नावाच्या बारीक जागा असतात. अ‍ॅड्रेनलिन तिथं जाऊन बसलं की हृदय धावायला लागतं. छातीला बांधलेला पट्टा ती धाव मोजतो. चाळीस ठोक्यांची उडी मारली तर ओळख पटली, नाहीतर माणूस अनोळखी. हवालदार पट्टा ओढू शकेल, काळीज कसं ओढणार? कोर्टानं ते मानलं. 'काळीज खोटं बोलत नाही' असं पथकाच्या भिंतीवर कुणीतरी मोठ्या हौसेनं रंगवून घेतलं होतं.

आणि रेवाचं काळीज तर आजारी होतं. हे अंबादासला ठाऊक होतं, कावेरीला ठाऊक होतं, बाहेरच्या एका डॉक्टरणीला ठाऊक होतं, चौथ्या कुणाला नव्हतं.

मार्चमध्ये सरावाच्या मैदानावर रेवा धावता धावता आडवी झाली होती. मिनिटभरात उठली, पण अंबादासला कळायचं ते कळलं. डॉबरमनच्या जातीत हा रोग असतोच. हृदय फुगतं, त्याच्या भिंती पातळ होतात आणि ते दमायला लागतं. पथकाच्या डॉक्टरला सांगायची सोय नव्हती. कुत्री एका कंपनीकडून कराराने घेतलेली. बिघडलेलं कुत्रं परत, आठ दिवसांत नवं हजर, एखादा पंखा बदलून द्यावा तसं. परत गेलेल्या कुत्र्याला कंपनी एक सुई टोचते, हे पथकात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून तो सुट्टी काढून चाळीस किलोमीटरवरच्या डॉक्टर टिपरेबाईंकडे गेला. बाई तिखट, पण हाताला गुण. त्यांनी बीटा ब्लॉकरची गोळी दिली. "ही त्या बीटा ग्राहींवर आधीच जाऊन बसते," बाईंनी सांगितलं. "अ‍ॅड्रेनलिन आलं तरी त्याला जागा मिळत नाही. हृदय सावकाश चालतं, दमत नाही, जास्त दिवस टिकतं. पाव गोळीपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायची. आणि एक ऐका हवालदार, एकदा चालू केली की एकदम बंद करायची नाही. कधीच नाही."

अंबादासनं मान डोलावली. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. कावेरी दूध-भाकरीचा काला करून डबा द्यायची, तो त्यात गोळी दाबायचा आणि रेवा ती फक्त त्याच्या हातून खायची. दुसऱ्या कुणी दिली की काला गिळायची आणि गोळी बरोब्बर थुंकायची, इतकी हुशार रांड. रेवा पुन्हा पळायला लागली. पण तिच्या हृदयाच्या उड्या आखूड झाल्या. तीन महिन्यांत दोन ओळखपरेड झाल्या आणि दोन्ही वेळा पडद्यावर 'अनोळखी' आलं. अंबादासनं स्वतःची समजूत घातली, की नसतील ती माणसं त्यातली. समजूत घालायला काय लागतं?

मग डेअरीचं प्रकरण झालं. चेअरमनच्या डोक्यात कुणीतरी सळई घातली आणि मागं एक कानटोपी राहिली. तिचा वास रेवाला देऊन, त्या वेळी डेअरीत हजर असलेल्या पाच जणांना परेडला बसवायचं ठरलं. परेडच्या आदल्या दुपारपासून कुत्र्याला कॅमेऱ्याखाली मोहोरबंद खोलीत ठेवतात, कुणी काही चारू नये म्हणून. त्यात पथकाचा एक जुना रिवाज होता, तो म्हणजे उपास. भुकेलं नाक तेज चालतं म्हणून कुत्र्याला नुसतं पाणी, आणि कुत्रं उपाशी तर त्याचा हवालदारही उपाशी. अंबादासनं बावीस वर्षांत हा उपास कधी मोडला नव्हता, त्याचा त्याला भारी ताठा. नेमक्या परेडच्या दिवशी न्यायदंडाधिकारी मॅडम आल्या नाहीत. खरमाटे म्हणाले, "उद्या करू. उपास वाढवा."

दोन दिवस, चार गोळ्या. टिपरेबाईंचं बोलणं अंबादासला आठवलं नाही असं नाही, आठवलं. पण त्यानं हिशोब उलटा केला. गोळीनं काळीज झाकलं जातं ना? मग गोळी चुकली की काळीज पुन्हा पहिल्यासारखं होईल, रेवा पूर्वीसारखी उडी मारेल, आणि त्या दोन फसलेल्या परेडची भरपाई होईल. बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, पण अक्कल अशी गुडघ्यात.

*

घरी कावेरी दारातच उभी होती. बळवंतच्या बायकोचा, तिच्या वहिनीचा, फोन येऊन गेला होता.

"बाळूला धरलं?"

"कुत्रीनं ओळखला. मी नाही."

"माझ्याकडं बघून बोला."

अंबादास बूट काढत बसला. कावेरी आत गेली आणि डबा घेऊन आली. तिनं त्याच्यासमोर फरशीवर एकेक करून चार गोळ्या मांडल्या.

"परवाची संध्याकाळ, कालच्या दोन, आजची सकाळ. डबा तसाच परत आला होता. गोळी नसताना तिचं काळीज कसं चालतं, हे कुणी पाहिलंय? तुम्ही पाहिलंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काला कालवायचं कळतं," कावेरी म्हणाली. "अकरा वर्षं तुमच्या हट्टापायी भावाच्या दारात गेले नाही. आईच्या आजारपणात रस्त्यावर उभी राहून खिडकीतून बघितलं तिला. ते गिळलं. पण माझ्या हातच्या डब्यातली गोळी चुकली आणि त्यापायी माझा भाऊ जन्मभर आत गेला, हे मी गिळायची नाही. त्या डॉक्टरणीकडं जाऊन विचारा. नाहीतर मी खरमाट्यांकडं जाते."

"जा! आणि रेवाला सुई टोचतील ती तू बघ!"

"तुमच्या जिवाला कुत्री आणि माझ्या जिवाला भाऊ," कावेरी म्हणाली. "काय चुकलं माझं?"

तिनं डबा त्याच्या पायाशी आपटला. त्या संध्याकाळी त्या घरात चूल पेटली नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं रेवाचा परेडचा आलेख फोनवर घेतला आणि टिपरेबाईंपुढे धरला. बाईंनी चष्मा लावला, बघितलं आणि चष्मा काढला.

"किती गोळ्या चुकवल्या?"

"चार."

"मूर्ख माणूस!" बाईंचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "मी काय भिंतीशी बोलत होते? अहो, ग्राही झाकून ठेवले की हृदयाला वाटतं आपल्याला ऐकूच कमी येतंय. म्हणून ते आणखी ग्राही तयार करतं. मग तुम्ही गोळी एकदम काढली. म्हणजे जुने उघडे, नवे उघडे, आणि वरून दोन दिवसांची उपाशी, घाबरलेली कुत्री. थोड्याशा अ‍ॅड्रेनलिननंही असं हृदय सैरावैरा सुटतं. जागेवर मेली नाही हे तुमचं नशीब. गोळी परत पाव भागापासून चालू करा, आजच."

"पण ती तीन नंबरलाच उडाली," अंबादास म्हणाला. त्याला अजून ती आशा सोडवत नव्हती.

"हे बघा." बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. "हे पहिले ठोके अरुंद, सरळ. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून हुकूम आला आणि खालच्यानं ऐकला. ओळखीनं हृदय धावलं असतं तर ठोके जलद झाले असते, पण असेच दिसले असते. आणि हे पुढचे? रुंद, वेडेवाकडे. हे खालच्या कप्प्यानं कुणाचा हुकूम नसताना स्वतःच मारलेत. ही ओळख नाही हवालदार, हा झटका आहे. तुमचं यंत्र ठोके मोजतं, ठोका कसा आहे ते बघत नाही. त्या क्षणी तिच्यापुढं माणसाऐवजी दगड असता तरी यंत्र दगडाला खुनी म्हणालं असतं."

अंबादास रेवाकडे बघत राहिला. ती त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडली होती. बळवंत मेला तरी त्याला दुःख नव्हतं, हे तो आजही कुणाच्या तोंडावर सांगेल. पण न केलेल्या खुनासाठी? आणि तेही रेवाच्या नावावर? भिंतीवर रंगवलेलं ते वाक्य त्याला आठवलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. सांगावं तर रेवा जाते. न सांगावं तर रेवा खोटी ठरते, कुणाला कळो न कळो.

खरमाट्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"पांढरमिसे, तुला वेड लागलंय का? आरोपपत्र तयार आहे. मागच्या दोन परेडही उकरल्या जातील. तुझी नोकरी जाईल, माझं प्रमोशन जाईल, आणि कुत्री तर जाईलच. त्यापेक्षा तोंड शिवून बस. तुझं त्या मेहुण्याशी वाकडंच आहे म्हणे."

"वाकडंच आहे, साहेब."

"मग?"

"मग काय? वाकडं माझं आहे," अंबादास म्हणाला. "त्यात कुत्रीला कशाला ओढता?"

"चालता हो!" खरमाटे गरजले.

तो चालता झाला आणि तसाच कोर्टाची पायरी चढला. शहाण्यानं चढू नये म्हणतात. पण शहाणपणाचं आणि त्याचं काय नातं, ते एव्हाना दिसलंच आहे.

*

दंडाधिकारी मॅडमनी टिपरेबाईंची साक्ष घेतली. खरमाटे मागं हटणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, ही सगळी पुस्तकातली बडबड आहे. गोळी खाल्ली म्हणून कुत्री काय ओळखीचा माणूस विसरते? जो तिला रोज चारतो त्या पांढरमिसेलाच जाळीमागं बसवा. गोळी चालू ठेवा. काळीज उडालं नाही तर मी माझं म्हणणं मागं घेतो."

गोळी पुन्हा पूर्ण मात्रेवर यायला पाच आठवडे गेले. तोवर बळवंत कोठडीत आणि कावेरी नवऱ्याशी अबोला धरून. मग कोर्टाच्या आवारात पाच जाळ्या लागल्या. अंबादासचा घामट बनियन रेवाला हुंगवला आणि दुसऱ्या हवालदारानं तिला सोडलं.

पहिल्या जाळीकडं तिनं बघितलंही नाही. ती थेट चौथ्या जाळीवर गेली. आधी कुईकुई केली, मग जाळीच्या भोकातून नाक आत खुपसलं. शेपूट नसल्यागत आखूड, पण बूड सगळं हलत होतं. आतून अंबादासनं बोट लावलं, ते तिनं चाटून चाटून ओलं केलं. बोलायची परवानगी नव्हती.

पडद्यावर आकडा होता शहात्तर. मग सत्त्याहत्तर. पुन्हा शहात्तर. दीड मिनिटानं यंत्रानं आपला निकाल लिहिला: 'चौथा इसम, अनोळखी.'

आवारात कुणीतरी फिसकन हसलं. खरमाट्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

बळवंत सुटला. जुन्या दोन्ही परेड पुन्हा उघडायचा हुकूम झाला. अंबादास निलंबित झाला, ते तो धरूनच चालला होता. त्याला रडू फुटलं ते फाटकाशी कंपनीची गाडी उभी असलेली बघून. गाडीतला माणूस पिंजरा उघडून कागदावर सही मागत होता. अंबादासनं खिशातली गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात कोंबली. "सकाळी सहा, संध्याकाळी सहा. एकदम बंद करू नका."

"तिकडं कसल्या गोळ्या, हवालदार," तो माणूस म्हणाला आणि पट्टी परत केली.

"थांबा!"

बळवंत होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, सोबत वकील. त्यानं अंबादासकडं बघितलंही नाही. वकिलानं मॅडमपुढं अर्ज ठेवला. हवालदार पांढरमिसे यानं कुत्रीचा आजार लपवून आपल्या अशिलाला पाच आठवडे कोठडीत सडवलं, त्याबद्दल फिर्याद. आणि सदर कुत्री हा त्या खटल्यातला मुख्य मुद्देमाल, सबब खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती जिवंत आणि औषधावर राहिली पाहिजे, तिला जिल्ह्याबाहेर नेता कामा नये.

कंपनीचा माणूस तणतणला. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून बळवंतकडं बघितलं आणि सही केली. आरोपीच्या ताब्यात मुद्देमाल देता येत नाही, म्हणून रेवाला फिर्यादीच्या ताब्यात दिलं. म्हणजे बळवंतच्या.

*

त्याच संध्याकाळी साडेसहाला कावेरीचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. "बाळू म्हणतोय, चार वेळा दिली, चारही वेळा थुंकली. त्या माणसाला पाठव म्हणतोय."

तिनं काला आधीच कालवून ठेवला होता. दोघं एका गाडीवर बसून गेली. अंगणात रेवा खुंटीला बांधलेली होती, पाठीवर जुनं पोतं पांघरलेलं, बळवंत तिच्याकडं पाठ करून ओट्यावर बसलेला. कावेरी आत वहिनीकडं गेली. अंबादासनं डबा उघडला, गोळी दाबली, हात पुढं केला. रेवानं एका घासात संपवलं आणि त्याचा तळवा चाटला.

"उपकार समजू नका, दाजी," बळवंत पाठमोराच म्हणाला. "मला तुमचं तोंड बघायची हौस नाही. माझे पाच आठवडे गेलेत. तुम्हाला मी कोर्टात उभं करणार, आणि त्या दिवशी ही कुत्री मला तिथं जिवंत पाहिजे."

"मी कुठं नाही म्हणतोय," अंबादास म्हणाला. "तारीख कधीची लागली?"

"पुढच्या महिन्याची दिली होती. माझ्या वकिलानं पुढं ढकलून मागितली."

"किती पुढं?"

"मिळेल तेवढी. मला घाई नाही."

आतून वहिनीनं पाण्याचा तांब्या आणून अंबादासच्या बाजूला ठेवला. त्यानं तांब्याकडं बघितलं, उचलला आणि रेवाच्या भांड्यात ओतला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातलीच ही माणसं. रेवा लपलप पाणी प्यायली.

अंबादास उठला, गाडीपाशी गेला. तेव्हा बळवंतानं पहिल्यांदा मान वळवली.

"उद्या सकाळी सहा," तो ओरडला. "एक मिनिट उशीर केलात तर कोर्टाला कळवीन!"